जुनं सॉफ्टवेअर आणि जुनं इंटरनेट शेअर करायचंय? सुरुवात इथून करा

तुमच्याकडे एखादं ४८६ किंवा पेंटियम चिपचं जुनं मशीन आलंय, नाहीतर जुना मॅक आलाय, साफसफाई करून तो चालूही झालाय, आणि आता दोन प्रश्न पडलेत. कपाटात ज्या फ्लॉप्या नि सीड्या पडल्यात त्या इतर हौशी लोकांपर्यंत कशा पोचवायच्या, आणि हे मशीन आजच्या इंटरनेटला लावून त्याच लोकांशी कसं बोलायचं. दोन्ही गोष्टी जमतात, फार खर्चही नाही, पण क्रम चुकला की डिस्क तरी जाते नाहीतर दुसऱ्याचा वेळ तरी.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, बाकी सगळं त्यावरूनच येतं. समोरच्याच्या जुन्या मशीनवर तुमची फाईल उघडली, चालली, आणि ती नेमकी काय आहे नि कुठून आली हे त्याला कळलं, तरच ते शेअर करणं झालं. नुसती लिंक टाकून काही होत नाही, नाव नसलेल्या लाखो झिप फाईल्स आधीच पडून आहेत जगात.

पायरी १: आधी लॉक करा, मग हात लावा

फ्लॉपी सापडली की लगेच ड्राइव्हमध्ये घालून बघायचा मोह होतो. थांबा, आधी राइट-प्रोटेक्ट करा. साडेतीन इंचीवर कोपऱ्यातलं छोटं प्लास्टिक असं सरकवायचं की भोक उघडं दिसलं पाहिजे. सव्वापाच इंचीवर उलटं असतं, तिथे बाजूची खाच झाकायची, आणि त्यासाठी पारदर्शक सेलोटेप वापरू नका कारण बऱ्याच ड्राइव्हमध्ये तिथे प्रकाशाचा सेन्सर असतो, काळी इन्सुलेशन टेप लावा.

हे एवढं आग्रहाने का सांगतोय, तर विंडोज ९५ आणि ९८ ही फ्लॉपी नुसती वाचायला घातली तरी तिच्या बूट सेक्टरमध्ये (डिस्कचा अगदी पहिला भाग), जिथे डिस्क फॉरमॅट करणाऱ्या सिस्टिमचं म्हणजे ओईएमचं नाव असतं तिथे, स्वतःची खूण लिहून टाकतात. तुम्ही काहीही सेव्ह केलेलं नसतं, फक्त आत काय आहे ते बघितलेलं असतं, आणि १९९० ची मूळ डिस्क आता मूळ राहिलेली नसते. दोन जणांनी काढलेल्या एकाच सॉफ्टवेअरच्या इमेज (पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत असलेली फाईल) जुळत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

मग बुरशी. मुंबई, कोकण, गोवा, म्हणजे जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते तिथल्या फ्लॉप्या तपासल्याशिवाय घालूच नका. धातूचं शटर बाजूला करा, मधलं चक्र हळूच फिरवा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती डिस्क तशीच घातल्यावर हेड त्या बुरशीवरून घासत जातं, डेटाचा थर खरवडला जातो, आणि तोच कचरा हेडला चिकटून पुढच्या चांगल्या डिस्कवर चरे पाडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, हलक्या हाताने, पूर्ण सुकू द्यायचं. संशय आला की ड्राइव्हचं हेडही पुसायचं, प्रत्येक खराब डिस्कनंतर.

सीड्यांमध्ये आधी घरी राइट केलेल्या सीडी-आर घ्या, कंपनीतून छापून आलेल्या नंतर. राइट केलेल्यांचा रंगाचा थर लवकर जातो.

पायरी २: फाईल्स कॉपी करू नका, इमेज काढा

नवीन माणूस इथेच चुकतो. फ्लॉपीतल्या फाईल्स सिलेक्ट करून पेनड्राइव्हवर टाकल्या की काम झालं असं वाटतं, पण बूट सेक्टर राहिला, व्हॉल्यूम लेबल राहिलं, कॉपी-प्रोटेक्शन असेल तर ते राहिलं, आणि कधीकधी इन्स्टॉलर ‘डिस्क २ घाला’ म्हणतो तेव्हा तो लेबलच बघत असतो. त्यामुळे सेक्टर-टू-सेक्टर पूर्ण डिस्कची इमेज. साध्या १.४४ च्या फ्लॉपीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइट्सची भरते (८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट), त्याहून कमी भरली तर काहीतरी अर्धवट आलंय.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह स्वस्त मिळतो आणि साध्या डॉस-विंडोजच्या १.४४ एमबी आणि ७२० केबी डिस्कना तो चालतो, त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. अमिगाची ८८० केबीची डिस्क, जुन्या मॅकच्या ४०० आणि ८०० केबीच्या डिस्क, कॉपी-प्रोटेक्टेड गेम, हे त्याला दिसतच नाही. त्यासाठी ग्रीझवीझल नावाचं छोटं ओपन हार्डवेअर बोर्ड आहे, कीअर फ्रेझरने बनवलेलं, जुना साधा फ्लॉपी ड्राइव्ह त्याला रिबन केबलने जोडायचा आणि बोर्ड यूएसबीला. ते सेक्टर वाचत बसत नाही, डिस्कवर चुंबकीय बदल कुठे कुठे झालेत त्यांच्या वेळाच नोंदवतं, ज्याला फ्लक्स म्हणतात, आणि मग ते कुठल्या मशीनचं फॉरमॅट आहे ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. डिस्क मरायला टेकलेली असेल तर मी म्हणेन फ्लक्सच काढा, कारण उद्या अजून चांगलं डिकोडर आलं तर डिस्क नसतानाही परत प्रयत्न करता येतो. सव्वापाच इंची ड्राइव्हला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून येत नाहीत, वेगळा पॉवर सप्लाय द्यावा लागतो हे आधीच लक्षात घ्या.

सव्वापाचबद्दल अजून एक. ३६० केबीची डिस्क १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचता येते, पण लिहू नका. त्या ड्राइव्हचं हेड अरुंद असतं, ते जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक रेघ लिहितं आणि कडांना जुना डेटा तसाच राहतो, मग मूळ ३६० च्या ड्राइव्हला दोन्ही एकदम दिसतात आणि काहीच वाचता येत नाही.

खराब सेक्टर लागले तर लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. तो कुठले सेक्टर आले नि कुठले राहिले याची मॅपफाईल ठेवतो, त्यामुळे आज अर्धं वाचलं, उद्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तीच डिस्क घालून तीच मॅपफाईल दिली तर तो फक्त राहिलेलंच वाचतो. एका ड्राइव्हला न दिसणारे सेक्टर दुसऱ्याला दिसतात, हे फार वेळा होतं.

सीडीचं सोपं आहे, फक्त गेमची सीडी असेल आणि तिच्यात गाण्यांचे ऑडिओ ट्रॅक असतील तर आयएसओ (सीडीची नेहमीची इमेज) काढू नका, ते ट्रॅक गळून पडतात. बिन आणि क्यू या दोन फाईल्सची जोडी काढा.

स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरची कॅसेट असेल (भारतात डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये लायसन्स घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस आणला होता, त्याच्या कॅसेट अजून निघतात माळ्यावरून), तर चांगल्या टेपडेकमधून ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाईल रेकॉर्ड करा, नॉइज रिडक्शन बंद ठेवून, आणि ती वेव्ह जपून ठेवा. टेप-इमेज मग त्यातून कधीही बनवता येते.

पायरी ३: प्रत्येक इमेजसोबत एक साधी टेक्स्ट फाईल

याला दहा मिनिटं लागतात आणि नेमकं हेच कोणी करत नाही. टेक्स्ट फाईलमध्ये लिहा: लेबलवर जसंच्या तसं काय लिहिलंय, व्हर्जन, किती डिस्कपैकी ही कितवी, कशाने वाचली, वाचताना एरर आले का आणि आले तर कुठे, सिरियल नंबर लागतो का, कुठल्या मशीनवर चालवून बघितलं. डिस्कचा आणि बॉक्सचा फोटो किंवा स्कॅन. आणि चेकसम (फाईलच्या बाइट्सवरून काढलेला तिचा ठसा), एसएचए-१ किंवा एसएचए-२५६, म्हणजे दहा वर्षांनी कोणाकडे ती फाईल पोचली तर ती तुमचीच आहे का मधे बिघडलीय हे एका कमांडमध्ये कळतं. ‘एरर आले होते’ हे लिहायला लाजू नका, अर्धवट इमेज प्रामाणिकपणे अर्धवट म्हणून दिलेली असली की दुसऱ्याची अर्धवट इमेज तिला जोडून पूर्ण होऊ शकते.

मग व्हायरस. आजचा अँटिव्हायरस जुने बूट सेक्टर व्हायरस पकडेलच असं धरून चालू नका, आणि इमेज फाईलच्या आत तर कित्येक बघतही नाहीत. १९९० मध्ये भारतात सापडलेला जोशी व्हायरस आठवतोय का कोणाला, दर वर्षी ५ जानेवारीला मशीन अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करा म्हणायचा आणि टाइप केल्याशिवाय पुढे जायचा नाही. तो, स्टोन्ड, मायकेलअँजेलो, हे सगळे आपल्याकडच्या फ्लॉप्यांवर खूप फिरले, कारण कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, डीटीपीवाला, सगळीकडे तीच फ्लॉपी जायची. इमेज एमुलेटरमध्ये (नव्या मशीनवर जुनं मशीन चालवणारा प्रोग्राम) उघडा, ८६बॉक्स किंवा डॉसबॉक्स-एक्स, आणि त्या काळातला डॉसवरचा स्कॅनर चालवा. व्हायरस मिळाला तर मूळ इमेज पुसू नका, नावात स्पष्ट ‘संसर्गित’ लिहून बाजूला ठेवा आणि साफ केलेली प्रत वेगळी द्या.

आणि कृपया हे वाचा, घाईत असलात तरी. पूर्ण डिस्कची इमेज म्हणजे त्यावरच्या डिलीट केलेल्या फाईल्सही आल्या. भंगारातून, जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेल्या फ्लॉप्या नि हार्डडिस्क या कोणाच्या तरी ऑफिसच्या, दवाखान्याच्या, घरच्या असतात. पगारपत्रक, पत्रिका, पेशंटची यादी, कोणाची खाजगी पत्रं, डीटीपीवाल्याकडे टाइप केलेली मृत्युपत्रं सुद्धा. डिरेक्टरीत फक्त गेम दिसतो पण हेक्स व्ह्यूअरमध्ये (डिस्कवरचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) खाली स्क्रोल केलं की माणसांची नावं नि पत्ते दिसायला लागतात. अशी इमेज जशीच्या तशी बाहेर द्यायची नाही. सॉफ्टवेअर वेगळं काढा, कोऱ्या फॉरमॅट केलेल्या इमेजवर टाका, टेक्स्ट फाईलमध्ये तसं लिहा. हा त्या अनोळखी माणसांचा हक्क आहे आणि आपल्या छंदापेक्षा तो मोठा आहे.

पायरी ४: देता येतं का ते बघा

अबॅन्डनवेअर (मालकाने वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर) हा शब्द सगळे वापरतात पण कायद्यात तसा प्रकार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतीत मोडतात आणि मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे १९९२ चं पॅकेज आजही कोणाच्या तरी मालकीचं आहे, कंपनी बुडाली असली तरी हक्क कोणीतरी विकत घेतलेले असतात. ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्याला स्वतःसाठी बॅकअप काढता येतो, कलम ५२ मध्ये तशी सोय आहे, पण बॅकअप काढणं आणि जगाला वाटणं हे वेगळं.

तरी बिनधास्त देता येईल असं भरपूर आहे. डॉसचा खुला पर्याय फ्रीडॉस तर आहेच, जिम हॉलने १९९४ मध्ये सुरू केलेला, १.४ आवृत्ती २०२५ मध्ये आली. एमएस-डॉस १.२५ आणि २.० चा सोर्स मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एमआयटी लायसन्सखाली टाकला, ४.०० चा २०२४ मध्ये, जीडब्ल्यू-बेसिकचा २०२० मध्ये. (६.२२ नाही. विंडोज ३.१, ९५, ९८ पण नाही.) डॉसच्या आधीच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल २०२२ मध्ये हक्कधारकाने खुलासा करून वाटायची मोकळीक दिली. शेअरवेअर (आधी वापरून बघा, आवडलं तर पैसे भरा) जवळजवळ नेहमी देता येतं, पण अट बघा, बहुतेक वेळा ‘मूळ झिप पूर्ण, न बदलता’ अशी असते, म्हणजे रीडमी काढून टाकायची नाही आणि रजिस्टर केलेली आवृत्ती द्यायची नाही.

टर्बो सी बद्दल आपल्याकडे कायम गोंधळ असतो म्हणून सांगतो. तो बनवणाऱ्या बोर्लँड कंपनीने टर्बो सी २.०१, टर्बो पास्कल ५.५ अशा काही जुन्या आवृत्त्या पुढे फुकट डाउनलोडला ठेवल्या होत्या. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत ज्या निळ्या स्क्रीनवर पिढ्या शिकल्या तो टर्बो सी प्लस प्लस ३.० त्यात नव्हता.

आणि आपल्या मराठीचं. सी-डॅकचं जिस्ट कार्ड, आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलरचं श्रीलिपी, आकृती, ही त्या काळची मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर अजून माळ्यांवर आहेत, काहींसोबत पॅरलल पोर्टला लावायचं हार्डवेअर लॉकही. यांचे इन्स्टॉलर कुठेही चढवू नका. पण इमेज काढून स्वतःकडे नीट ठेवा, मॅन्युअल स्कॅन करून ठेवा, कीबोर्ड लेआउटचे तक्ते, फॉन्टचा कोणता कोड म्हणजे कोणतं अक्षर याच्या नोंदी स्वतः बनवून त्या जरूर वाटा. कारण दिवाळी अंक, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे दाखले, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, हे सगळं नव्वदच्या दशकात त्या फॉन्टमध्ये पेजमेकरला बसवलेलं आहे, युनिकोडमध्ये नाही, आणि फॉन्ट नसेल तर ती फाईल उघडल्यावर निव्वळ कचरा दिसतो. असे मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम करणाऱ्याला तुमची नोंद म्हणजे सोनं आहे. मूळ फाईल मात्र कधीही पुसू नका, कन्व्हर्टर जोडाक्षरात आणि रफारात चुकतात.

जुन्या मासिकांच्या सीड्या, पीसीक्वेस्ट, चिप, डिजिट, यांच्यात शेअरवेअर, ड्रायव्हर, डेमो खच्चून भरलेले असतात आणि पीसीक्वेस्टने तर १९९६ पासून लिनक्सच्या सीड्या दिल्या ज्यावर आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी पहिलं लिनक्स पाहिलं. पूर्ण सीडीचे हक्क मासिकाचे, आतल्या प्रोग्रामचे ज्याचे त्याचे. पण आत काय आहे याची फाईल लिस्ट बनवून वाटली तर कोणाचं काही जात नाही आणि एखाद्या साउंड कार्डचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं शोधणारा माणूस सुटतो.

पायरी ५: जुन्या मशीनला गिळता येईल असं पॅक करा

डॉससाठी नाव आठ अक्षरं अधिक तीन, स्पेस नाही, देवनागरी तर नाहीच. झिप करताना साधं डिफ्लेट वापरा म्हणजे १९९३ चं पीकेझिप २.०४जी ते उघडू शकतं. सेव्हन-झिपचं नवं फॉरमॅट ४८६ वर उघडायला बसलात तर रात्र जाते. मोठी गोष्ट असेल तर फ्लॉपीएवढे तुकडे करून पण ठेवा.

मॅकवाल्यांनी जास्त सांभाळायचं. जुन्या मॅकच्या फाईलला दोन भाग असतात, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क, आणि विंडोजच्या पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली की रिसोर्स फोर्क गळतो आणि प्रोग्राम शून्य बाइटचा दिसतो. स्टफइट, बिनहेक्स किंवा मॅकबायनरीत गुंडाळून, नाहीतर पूर्ण डिस्क इमेज म्हणूनच द्या.

फाईल जुन्या मशीनपर्यंत न्यायचे रस्ते बरेच आहेत. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक लावून त्यावर फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर टाकलं की पेनड्राइव्हवरच्या इमेज थेट फ्लॉपी म्हणून दिसतात. आयडीई-सीएफ अडॅप्टर (हार्डडिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड) लावून कार्डावर सगळं नेता येतं, फक्त जुन्या बायोसची ५०४ एमबीची मर्यादा असते. काहीच नसेल तर सिरियल केबल आणि झेडमोडेम किंवा कर्मिट या फाईल पाठवायच्या पद्धती, हळू पण खात्रीचं. मला सगळ्यात आवडतं ते नेटवर्क: आयएसए स्लॉटमध्ये एनई२००० कम्पॅटिबल किंवा ३कॉमचं ३सी५०९ कार्ड, त्याचा पॅकेट ड्रायव्हर लोड करा, आणि मायकेल ब्रुटमनचं एमटीसीपी (डॉससाठीचे नेटवर्क प्रोग्राम) टाका. हे फुकट आहे, पहिल्या ८०८८ च्या पीसीवरही चालतं, आणि त्यात एफटीपी क्लायंट, एफटीपी सर्व्हर, टेलनेट, आयआरसी (जुनं चॅट) सगळं आहे. डॉसच्या मशीनवरच एफटीपी सर्व्हर चालू करायचा आणि नव्या लॅपटॉपवरून त्यावर फाईल्स ढकलायच्या, एकदा केलंत की परत फ्लॉपी बदलत बसणार नाही. बायनरी मोड ठेवा, ॲस्की मोडमध्ये गेलेली ईएक्सई फाईल बिघडलेली पोचते. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलंय, तेव्हा लॅपटॉपवर फाईलझिलासारखा वेगळा क्लायंट लागेल. आणि काही नव्या राउटरच्या वेगवान पोर्टना १० एमबीपीएस बोलताच येत नाही, लिंकचा दिवा लागला नाही तर मधे एक जुना १०/१०० चा स्विच टाका.

पायरी ६: इंटरनेट, पण मधे एक पहारेकरी ठेवून

विंडोज ९८ किंवा एक्सपीचं मशीन थेट राउटरला लावून मोकळं सोडू नका. त्यांना पॅच येत नाहीत, घरातल्या इतर मशीनशी ते एसएमबी-१ या जुन्या फाईल-शेअरिंग प्रोटोकॉलने बोलतात, आणि २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून पसरला. गेस्ट नेटवर्क किंवा वेगळा व्हीलॅन (त्याच वायरिंगवर वेगळं काढलेलं नेटवर्क), किंवा जुन्या मशीनसाठी एक वेगळा स्वस्त राउटर, आणि बाहेरून आत येणारं काहीही उघडं नाही. त्या मशीनवर बँक नाही, रोजचा ईमेल नाही, रोजचा पासवर्ड नाही.

मग ब्राउझर उघडता आणि एकही साइट लागत नाही, त्यात तुमच्या सेटिंगची काही चूक नसते. आजच्या साइट एचटीटीपीएसवर टीएलएस १.२ या एन्क्रिप्शनच्या आवृत्तीखाली बोलत नाहीत आणि नेटस्केप किंवा आयई ५ ला ते माहीतच नाही. यावर उपाय म्हणजे मधे एक नवीन मशीन, रास्पबेरी पाय किंवा पडून असलेला लॅपटॉप, आणि त्यावर प्रॉक्सी, म्हणजे दोघांच्या मधला दुभाषा प्रोग्राम. दोन नावं लक्षात ठेवा. वेबवन हा प्रॉक्सी बाहेरच्या जगाशी एचटीटीपीएसने बोलतो आणि तुमच्या जुन्या ब्राउझरला साधं एचटीटीपी देतो, हलक्या साइटना उत्तम. डब्ल्यूआरपी म्हणजे वेब रेंडरिंग प्रॉक्सी, हा पान क्रोमियममध्ये उघडतो, त्याचं चित्र बनवतो आणि ते क्लिक करता येणारं चित्र जुन्या ब्राउझरला पाठवतो, त्यामुळे कितीही जड साइट नेटस्केपमध्ये दिसते, आणि युनिकोड मराठीसुद्धा विंडोज ३.१ वर वाचता येतं कारण फॉन्टचा प्रश्नच उरत नाही. यासाठी तरी एकदा लावून बघाच. वेबवन जुन्या ब्राउझरच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये त्या मशीनचा आयपी आणि पोर्ट (साधारण ८०८०) टाकला की चालतो, डब्ल्यूआरपीचं पान तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाइप करून थेट उघडता येतं.

प्रॉक्सी लावायचा नसेल तर फ्रॉगफाइंड आहे, जुन्या मशीनसाठीच बनवलेलं सर्च, ते निकालातली पानंही सोपी करून देतं. आयआरसीवर गप्पा आजही जुन्या क्लायंटने होतात. एमएसएन मेसेंजर मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये बंद केला पण एस्कारगो नावाच्या हौशी सर्व्हरमुळे जुना क्लायंट परत ऑनलाइन येतो, थोडा पॅच करून. इथे नवा पासवर्ड बनवा, कुठेही न वापरलेला, कारण हे जुने प्रोटोकॉल पासवर्ड नीट झाकत नाहीत.

मोडेमचा अनुभव हवा असेल तर ईएसपी८२६६ चिपवर बनलेले वायफाय मोडेम मिळतात. सिरियल पोर्टला लावायचे, आणि जुन्या टर्मिनलमधून एटीडीटी (मोडेमची डायल करायची आज्ञा) लिहून पुढे फोन नंबरऐवजी बीबीएसचा (बुलेटिन बोर्ड, म्हणजे फोनने जोडून निरोप नि फाईल्स देणारी जुनी सेवा) पत्ता टाकायचा. जुन्या मशीनला वाटतं फोन लागला.

पायरी ७: स्वतः काहीतरी चालवा

घेणारे खूप आहेत, चालवणारे कमी. छोटीशी सेवा पुरते: फक्त साध्या एचटीटीपीवरचं फाईल पान, गोफर सर्व्हर (१९९१ चा मिनेसोटा विद्यापीठाचा प्रोटोकॉल, इतका साधा की कुठल्याही मशीनवर चालतो), किंवा सिंक्रोनेट वापरून बीबीएस. मुंबईत, बंगळुरात इंटरनेटच्या आधी लोकांनी स्वतःच्या घरच्या फोन लाइनवर बीबीएस चालवले, विदेश संचार निगमचं सार्वजनिक इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं त्याआधीपासून, तेव्हा आज ब्रॉडबँड असताना अवघड काही नाही.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे सीजीनॅट. बऱ्याच घरगुती कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, राउटरमध्ये पोर्ट कितीही फॉरवर्ड करा, बाहेरून कोणी पोचत नाही. राउटरचा वॅन आयपी बघा, तो १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात किंवा १० ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या, किंवा एक स्वस्त व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घेऊन वायरगार्डच्या बोगद्याने तो घराला जोडा. मित्रांपुरतंच असेल तर टेलस्केल (मोजक्या मशीनचं खाजगी नेटवर्क), त्यात जगाला काही उघडं पडत नाही आणि सुरुवात करणाऱ्याला मी हेच सुचवेन.

जगाला उघडं करणार असाल तर टेलनेटचा २३ पोर्ट टाळा, आणि २३२३ पण टाळा, २०१६ चा मिराय बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या मशीनची फौज) हे दोन्ही तपासायचा आणि त्याचे भाईबंद अजून फिरतात. तिसराच कुठलातरी घ्या. आणि बाहेरून येणारा माणूस खऱ्या ४८६ वर पोचत असेल तर तिथे तुमचा कुठलाही खाजगी डेटा असू नये. अपलोडला परवानगी दिलीत तर वर आलेली फाईल तुम्ही तपासेपर्यंत इतरांना दिसू नये अशी सोय करा, नाहीतर तुमच्या नावावर काय वाटलं जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

हे जमलं की मोठ्या मंडळींमध्ये सामील व्हा. मॅकवाल्यांचं ग्लोबलटॉक आहे, २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झालं, जगभरातल्या लोकांची घरगुती ॲपलटॉक (ॲपलची जुनी नेटवर्क पद्धत) नेटवर्कं इंटरनेटवरून एकमेकांना जोडलेली, म्हणजे तुमच्या मॅकच्या चूझरमध्ये दुसऱ्या देशातल्या अनोळखी माणसाचा प्रिंटर आणि फाईल सर्व्हर दिसतो. डेक कंपनीच्या जुन्या डेकनेट नेटवर्कवाल्यांचं हेकनेट आहे. अटारीपासून सुरू झालेलं फुजीनेट आता इतर मशीनवरही आलंय, त्यात डिस्क इमेज थेट नेटवर्कवरच्या सर्व्हरवरून लावता येतात. या ठिकाणी शिरताना तिथले नियम आधी वाचा, आपला नेटवर्क नंबर किंवा झोनचं नाव दुसऱ्याशी आपटत नाही ना ते बघा, कोणाच्या सर्व्हरवर काही ठेवायचं तर विचारून ठेवा, आणि दुसऱ्याच्या प्रिंटरवर शंभर पानं काढू नका.

पायरी ८: बंद करायची वेळ आली तर

येतेच ती वेळ, बदली होते, घर बदलतं, कंटाळा येतो. सेवा अचानक बंद करू नका, दोन-तीन महिने आधी सांगा, पूर्ण साठ्याची एक प्रत चेकसमसकट कोणालातरी द्या. ओएस/२ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा हॉब्स हा फाईल संग्रह न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीने वर्षानुवर्षं चालवला आणि २०२४ मध्ये बंद करायचं ठरवलं, पण आधी तारीख जाहीर केली, त्यामुळे लोकांना प्रती काढता आल्या आणि आर्का नोए कंपनीने तो संग्रह पुढे चालवायला घेतला. तुमचा साठा चाळीस फ्लॉप्यांचा असला तरी हेच करा. जे खुलेपणाने देता येतं ते इंटरनेट आर्काइव्हवर चढवा, टेक्स्ट फाईल सोबत ठेवून, आणि जे देता येत नाही ते ज्या माणसाकडे सोपवाल त्याला का देता येत नाही तेही लिहून द्या. मूळ फ्लॉप्या फेकू नका, सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डब्यावर आत कुठल्या डिस्क आहेत, कुठल्यांच्या इमेज निघाल्यात आणि कुठल्यांच्या अजून निघायच्यात ते पेनाने लिहा.